पोते कंपनीचे, धुरा आमचा



आम्ही लाखनीचे, धानपट्ट्यातले. हे पत्रक वाचणारे बहुतेक कापूस-ज्वारीचे कोरडवाहू कास्तकार. पीक वेगळे, पाण्याचा हिशेब वेगळा. पण युरियाचे पोते तुमच्या आणि आमच्या घरी एकच येते. या बैठकीत त्या रिकाम्या पोत्यावर बोलावे असे आम्हाला वाटते.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली. १ जुलै २०२२ पासून केंद्रानेही एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी घातली. आठवडी बाजारात भाजीवालीच्या पिशव्या जप्त झाल्या. लग्नातले थर्माकोल गेले ते बरेच झाले, आमच्याकडे पळसाला पाने काही कमी नाहीत. पण कारखान्यातच माल भरून येणाऱ्या वेष्टनाला राज्याच्या बंदीतून सवलत मिळाली. म्हणजे पालकाच्या जुडीची पिशवी गुन्हेगार, आणि खताचे पोते, बियाण्याची थैली, औषधाची बाटली निर्दोष!

प्लास्टिक मुळातच वाईट असे आम्ही म्हणत नाही. युरिया ओल धरतो, साध्या गोणपाटात त्याचा दगड होईल. १९८७ च्या ज्यूट कायद्यात सिमेंट आणि खतेही होती, पुढे ती सुटली. आता सक्ती उरली ती मुख्यत्वे धान्याला आणि थोडी साखरेला. म्हणून आमचे धान ज्यूटच्या बारदान्यात मोजतात आणि बारदाना संपला की काटा बंद. शेतकऱ्याच्या मालाला ज्यूट पाहिजे, शेतकऱ्याला विकायच्या मालाला प्लास्टिक चालते. असो.

खताचे रिकामे पोते आपण कोणी फेकत नाही. धुऊन त्यात ज्वारी भरतो, गोठ्याच्या फटी बुजवतो, आणि कापूसही वेचतो. खरा घात इथेच होतो. उन्हात दोन हंगाम गेले की पोत्याचे विणलेले धागे कडक होऊन तुटू लागतात. ते कापसात मिसळतात. पांढऱ्यात पांढरा, डोळ्याला दिसत नाही. जिनिंगमध्ये त्याचे बारीक तुकडे होतात, रुईबरोबर गाठीत जातात, सुतात जातात, कापडात जातात. प्लास्टिकचा धागा कापसाचा रंग धरत नाही. कापड रंगवून झाले की ठिपका उघडा पडतो आणि गिरणी तो तागा बाजूला काढते. भारतीय रुईत बाहेरची घाण फार, अशी ओरड जगाच्या बाजारात वर्षानुवर्षे आहे, आणि त्या बदनामीची किंमत भाव पाडताना शेवटी आपल्याच कापसातून वसूल होते.

मग आपल्याला उपदेश होतो की शेतकऱ्याने सुती कापडात वेचणी करावी. करावीच! आमच्या मायबहिणी पूर्वी ओटीत वेचून सुती फडक्यातच गाठोडे बांधत होत्या, त्यांना हे शिकवायला नको. पण फडक्याला पैसे लागतात आणि पोते घरात पडलेले असते. शिवाय फडक्यात वेचलेला स्वच्छ कापूस आणि पोत्यात दाबून आणलेला कापूस बाजारात एकाच भावाने जात असेल तर कोण कशाला फडके घेईल? दोन्ही ढिगांना वेगळा भाव द्या, पोती आपोआप वेचणीतून बाहेर जातील.

औषधांच्या बाटल्यांचे तर विचारूच नका. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत ४४ वा नियम आहे. रिकामी वेष्टने फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे तो सांगतो. वस्तीपासून दूर म्हणजे कुठे? आपल्याच शेतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी-मजूर विषबाधेने दगावले, ते कोणी विसरलेले नाही. त्याच विषाची बाटली आपल्याच विहिरीच्या शिवारात पुरायची, नाहीतर धुऱ्यावर जाळून धूर खायचा. नाल्यातून ती आमच्या बोडीत उतरते ते वेगळेच.

दुसरा मार्ग नाही असे नव्हे. ब्राझीलही कापूस पिकवणारा देश आहे. तिथे २००० साली कायदा झाला: शेतकऱ्याने बाटली तीनदा धुऊन परत द्यायची, दुकानदाराने परतीची जागा दाखवायची, कंपन्यांनी आपल्या खर्चाने न्यायची. आज तिथे अशी बहुतेक वेष्टने परत जातात.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. २०१६ च्या नियमांनी प्लास्टिकचे वेष्टन गोळा करण्याची जबाबदारी माल काढणाऱ्यावर टाकली. २०२२ पासून त्यासाठी प्रमाणपत्रे निघाली. कंपनीने कुठल्यातरी कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घेतले की तिचे काम संपले. २०२३ साली तपासणीत यातली लाखो प्रमाणपत्रे बनावट निघाली. प्लास्टिक कागदावर गोळा झाले, धुऱ्यावरचे तिथेच आहे. आता 'कुजणारे प्लास्टिक' म्हणून नवी थैली येत आहे. तेही कुजते ते कारखान्याच्या भट्टीसारख्या गरम खतात. आमच्या उकिरड्यावर ते किती दिवसांत कुजेल, हे विकणाऱ्याने आधी लिहून द्यावे.

बैठकीपुढे आम्ही दोन मागण्या ठेवतो. प्रत्येक पोते, थैली आणि बाटलीवर परतीची रक्कम छापावी, आणि ज्या कृषी केंद्रातून माल घेतला तिथेच ती रोख मिळावी. दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत देण्याची तरतूद २०१८ च्या बंदीतच होती. ती दुकानात किती दिसली ते आपण जाणतो, म्हणून या वेळी रक्कम छापल्याशिवाय माल विकू देऊ नये. दुसरी मागणी, सुती कापडात आलेल्या कापसाचा यार्डात वेगळा ढीग आणि वेगळा भाव.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एका हंगामात घरात आलेली पोती, थैल्या आणि बाटल्या मोजून आकडा कागदावर लिहून आणावा. लाखनीचे आकडे आम्ही आणतो. सगळ्यांची बेरीज करून ती निवेदनाला जोडू.