लस जनतेच्या पैशाची, भाव मात्र बाजाराचा!

रेल्वे व टपाल कामगार बंधू-भगिनींनो,

नवी लस आली की वृत्तपत्रांतून कंपनीच्या मालकाचे छायाचित्र झळकते आणि खाजगी उद्योगाच्या कर्तबगारीचे पोवाडे सुरू होतात. सरकारी आरोग्य खाते सुस्त आणि खाजगी क्षेत्र चपळ, हे पालुपद आपल्याला रोज ऐकवले जाते. आम्ही ते साफ नाकारतो. लस कारखान्यातून बाहेर पडली म्हणजे कामगाराच्या मुलाला मिळाली असे होत नाही. ती कोणाला, कधी आणि काय भावाने मिळणार, हे सार्वजनिक आरोग्य व्यवस्था किती भक्कम आहे यावर ठरते.

पोलिओचेच पाहा. पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. मुंबईच्या हाफकिन या सरकारी महामंडळाने कोट्यवधी डोस पुरवले. परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि आशा यांनी ते घरोघर, फलाटांवर आणि धावत्या गाड्यांतही मुलांना पाजले. ही किमया बाजाराची नव्हे!

आता दुसरी बाजू. कसौली (१९०५), कुन्नूर (१९०७) आणि चेन्नईतील गिंडी (१९४८) येथील तीन सरकारी संस्था लहान मुलांच्या लसीकरणासाठी बीसीजी, डीपीटीसारख्या लशींचा मोठा हिस्सा पुरवीत होत्या. जानेवारी २००८ मध्ये उत्पादन-दर्जाचे नियम पाळले नाहीत म्हणून तिघींचे परवाने निलंबित झाले. दर्जा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण दर्जा सुधारायला पैसा कोणी द्यायचा होता? मालक तर सरकारच होते! दुरुस्तीऐवजी टाळे ठोकले गेले आणि खरेदी खाजगी कारखान्यांकडे वळली. संसदेच्या स्थायी समितीने यावर टीका केली. फेब्रुवारी २०१० मध्ये निलंबन उठले, तोवर दोन वर्षे वाया गेली होती.

त्यानंतर आली पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट लस. लस उपयोगाची आहे, आमचा तिला विरोध नाही. पण डिसेंबर २०११ मध्ये ती प्रथम कुठे सुरू झाली? केरळ आणि तमिळनाडूत, कारण तेथील सरकारी लसीकरण मुळातच भक्कम होते. सगळ्या देशाला ती मिळायला २०१५ साल उजाडले. जेथे दवाखाना पडका, तेथील मुलाच्या वाट्याला लसही उशिराच.

कोविडकाळात तर सारे उघडेच पडले. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वेगळा करून दिला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे जनतेच्या पैशाने. तरीही मे २०२१ च्या धोरणात एकाच लशीचे तीन भाव लागले. कोव्हिशील्ड केंद्राला १५० रुपये, राज्यांना ३०० आणि खाजगी रुग्णालयांना ६००! ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने १८ ते ४४ वयोगटासाठीचे हे सशुल्क धोरण प्रथमदर्शनी मनमानी व अतार्किक ठरवले. त्यानंतरच, २१ जूनपासून, केंद्राने सर्व प्रौढांसाठी मोफत लशीची जबाबदारी घेतली. त्याच काळात चेन्नईजवळच्या चेंगलपट्टू येथे शेकडो कोटी खर्चून उभारलेले सरकारी लस संकुल उत्पादनाविना पडून होते.

आणि आपण? जानेवारी २०२१ मध्ये केंद्राने आघाडीवरच्या कामगारांची यादी काढली, तीत लोको पायलट, ट्रॅकमन, पोस्टमन नव्हते. गाड्या मात्र चालत होत्या, टपाल वाटले जात होते. १० मे २०२१ पर्यंत १,९५२ रेल्वे कर्मचारी कोविडने दगावल्याचे खुद्द रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितले. त्यांच्या घरच्यांना कोणत्या बाजारभावाने उत्तर देणार?

मित्रहो, ही रीत आपल्या परिचयाची आहे. आधी भरती थांबवायची, पैसा आटवायचा, मग सेवा बिघडली म्हणून बोटे मोडायची आणि शेवटी कंत्राटदाराला बोलवायचे. लस संस्थांना लावलेली फूटपट्टी आज आपल्या रेल्वे वर्कशॉपला आणि टपाल कचेरीला लावली जात आहे. म्हणून हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही, तो आपला आहे.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सरकारी लस कारखान्यांना पुरेसा निधी व कायम कामगार द्या. जनतेच्या पैशाने शोधलेली लस सरकारी कारखान्यातही बनवा. सरकारी लसीकरण सर्वांना मोफत ठेवा. घरोघर लस पोचवणाऱ्या आशांना ‘स्वयंसेविका’ म्हणून मानधनावर राबवू नका, त्यांना कामगाराचा दर्जा आणि वेतन द्या. पुढच्या साथीत रेल्वे व टपाल कामगार पहिल्या यादीत हवेत.

शाखाशाखांतून हे ठराव करा. पुढची साथ आपली तयारी होईपर्यंत थांबणार नाही!