भिंतीवर जागा नव्हती

मुंबईच्या लोअर परळमध्ये, एकेकाळी कापडगिरणी होती त्या आवारातल्या एका दालनात, गिरणगावाच्या काल-आजविषयी एक प्रदर्शन भरलं होतं. छायाचित्रं, नकाशे, पितळी बिल्ले आणि हेडफोनमधून ऐकू येणारे जुन्या कामगारांचे आवाज. त्या मराठी मुलाखतींचं इंग्रजी भाषांतर मी केलं होतं. त्यामुळे पुढची तक्रार आधी माझ्याविरुद्ध आहे.

एका रविवारी मुलाखत दिलेले एक आजोबा नातीला घेऊन आले. स्वतःचा आवाज ऐकून खूश झाले. मग आपल्या फोटोखालच्या इंग्रजी मजकुराकडे बोट दाखवून म्हणाले, ‘हे काय लिहिलंय गं?’ नातीनं सांगितलं, ‘तुम्ही टेम्पररी कामगार होता, असं लिहिलंय.’ आजोबा म्हणाले, ‘टेम्पररी कसला? अकरा वर्षं बदलीत होतो मी!’

तो शब्द माझा होता. मजकुराला चाळीस शब्दांची मर्यादा होती. बदली कामगार म्हणजे पाळी सुरू होण्याआधी गिरणीच्या फाटकावर उभं राहून, आज कुणी कायम कामगार गैरहजर आहे का, याची वाट पाहणारा माणूस. त्याचं हे उभं राहणं वर्षानुवर्षं चालू शकतं. एवढं सगळं चाळीस शब्दांत बसवणं अवघड होतं, म्हणून मी सोपी वाट धरली. भाषांतरात अशा चुका होतात. पण शेजारी मूळ मराठी छापलेलं असतं, तर आजोबांनी स्वतःचं वाक्य स्वतः वाचलं असतं आणि माझी चूक पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.

मराठी मजकूर का नाही, असं मी आयोजकांना विचारलं. उत्तर आलं, दोन भाषा लावल्या की भिंत गजबजलेली दिसते. ज्या वस्तीत दहा बाय बाराच्या खोलीत पाळ्यांप्रमाणे वीस-वीस माणसं झोपली, तिच्याविषयीच्या प्रदर्शनात एका भिंतीवर दोन भाषा मावेनात! शिवाय हा मराठी मजकूर कुणाला नव्यानं लिहायचा नव्हता. तोच तर मूळ होता. मुलाखती शब्दशः उतरवून तयार होत्या. फक्त छापायच्या होत्या.

दुसरं उत्तर असं, की मुंबई बहुभाषिक आहे आणि इंग्रजी सगळ्यांना चालते. गिरणगाव बहुभाषिक होतंच. कोकणातून आणि घाटावरून आलेले मराठी कामगार होते, तेलुगू पद्मशाली होते, मदनपुऱ्यात राहणारे उत्तरेतले मुस्लिम विणकर होते. यातल्या कुणाचीही घरची भाषा इंग्रजी नव्हती. बहुभाषिकतेचा मुद्दा खरा मानायचा, तर मराठीच्या जोडीला उर्दू आणि तेलुगूही भिंतीवर यायला हवी. मराठी काढून टाकायचं ते कारण नव्हे.

दुकानांच्या पाट्यांवरून चालणारं राजकारण मला इथे नको आहे. तिथे अक्षरांची उंची मोजतात. माझा प्रश्न वेगळा आहे: ज्याच्याविषयी लिहिलंय, त्याला ते वाचता आणि खोडता येतं का?

हा प्रश्न निव्वळ साहित्यिक नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांच्या गिरण्यांच्या जमिनीबाबत १९९१च्या नियमावलीनं साधारण एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी आणि तेवढाच सार्वजनिक घरबांधणीसाठी ठेवला. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली. बांधकामाखालची जमीन हिशेबातून गेली आणि घरांच्या वाट्याला फारच थोडी उरली. शब्दांच्या फेरफारानं काय काय जातं, हे गिरणगावाला कुणी शिकवायला नको. प्रदर्शनात हा सगळा बदल एका तक्त्यात नीट मांडला होता. तक्ताही इंग्रजीतच होता. घराच्या सोडतीची वाट पाहणारी गिरणी कामगारांची कुटुंबं आजही आहेत. त्यांना तो वाचावासा वाटला असता.

आपल्याकडच्या प्रदर्शनांत स्थानिक भाषा ऐकवली जाते, काचेखालच्या जुन्या पत्रकांवर दाखवली जाते. समजावून सांगण्याची वेळ आली की मात्र इंग्रजी पुढे येते. म्हणजे मराठी ही बिल्ल्यासारखी एक वस्तू झाली. त्या व्यवहारात मीही मानधन घेऊन सामील झाले.

यापुढे माझी अट साधी आहे: मूळ मजकूर भाषांतराच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लागणार असेल, तरच मी काम घेईन. गिरण्या अहमदाबादेत होत्या, कानपुरात होत्या, कोइमतूरमध्येही होत्या. तिथल्या आठवणी उद्या कुणी भिंतीवर लावेल आणि भाषांतरासाठी तुमच्यापैकी कुणाला तरी फोन येईल. तेव्हा पैशांचं बोलण्याआधी एवढं विचारा: मूळ मजकूर कुठे लावणार आहात?