समीकरणाची मांडणी हाही गणिताचाच भाग

ज्यांच्या नावाने आपला कर्वेनगर परिसर ओळखला जातो, ते महर्षी धोंडो केशव कर्वे स्त्रीशिक्षणाचे प्रणेते म्हणून सर्वांना वंदनीय आहेत. ते १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत होते, याचे स्मरण मात्र क्वचितच होते. त्या काळी समीकरण फळ्यावर खडूने लिहिले जाई. आज ते संगणकावर टंकून विद्यार्थ्याच्या हाती येते. या बदलात शिरलेल्या एका दोषाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

६ आणि ४ यांच्या बेरजेला २ ने भागले, तर उत्तर ५ येते. तेच एका ओळीत ‘६ + ४/२’ असे टंकले, तर नियमाप्रमाणे उत्तर ८ होते. ‘क्ष’च्या डोक्यावरील २ खाली घसरला, की वर्गाऐवजी दुप्पट वाचली जाते. जुन्या मराठी फाँटमधील वर्गमुळाचे चिन्ह, तो फाँट नसलेल्या संगणकावर भलतेच अक्षर होऊन बसते. वसतिगृहात राहणाऱ्या, घरी अडलेले विचारायला कोणी नसलेल्या मुलाला छापील कागद हाच प्रमाण असतो. चूक कागदाची असते. गुण मात्र त्याचे जातात.

काही जण हस्तलिखित समीकरणाचे छायाचित्र चिकटवितात. ते मोठे केले की धूसर होते, त्यात दुरुस्ती करता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला संगणक ते वाचून दाखवू शकत नाही.

उपाय अवघड नाही. ‘वर्ड’च्या २००७ च्या आवृत्तीपासून समीकरणाची स्वतंत्र चौकट उपलब्ध आहे. ‘ऑल्ट’ आणि बरोबरचे चिन्ह एकत्र दाबले की ती उघडते. कंसात बेरीज, मग तिरपी रेघ, मग भाजक टंकून स्पेस दिली, की अपूर्णांक आपोआप उभा राहतो. विनामूल्य मिळणाऱ्या ‘लिबर ऑफिस’मध्येही समीकरणांची सोय आहे.

शिक्षकांना एवढा वेळ कोठून, असे कोणी म्हणेल. परंतु शिकण्यास एक दुपार पुरते. सदोष प्रश्नपत्रिकेचे नुकसान मात्र प्रत्येक तुकडीला सोसावे लागते. म्हणून अभियांत्रिकी व संगणक क्षेत्रांत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमचे आवाहन आहे : देणगीबरोबरच आपली एक दुपार शाळेला द्यावी आणि शिक्षकांसोबत बसून जुने प्रश्नसंच शुद्ध करून द्यावेत. नीट मांडलेला प्रश्न मिळणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, असे आम्ही मानतो.