कॅप्टन चुकत असेल तर?

धाराशिवला धावपट्टी आहे. पण इथल्या घरांतून वैमानिक होऊ पाहणारी मुले मोजकीच. त्यांतला एक परवा मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे आला. व्यावसायिक परवान्यासाठीचे २०० तासांचे उड्डाण, हवामानशास्त्राचा पेपर, वैद्यकीय तपासणी, सारे पार पडलेले. मी विचारले, "शेजारचा कॅप्टन चुकतोय असे दिसले, तर काय करशील?"

तो थबकला. म्हणाला, "काका, ते अनुभवी असतात. आपण कसे बोलणार?"

दोष त्याचा नाही. मोठ्यांना उलट बोलू नये, हेच आपण मुलांना शिकवतो. पण २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, धुक्यात, दोन जम्बो विमाने धावपट्टीवरच आदळली. ५८३ माणसे गेली. समोरचे विमान अजून धावपट्टीवर असावे, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती झटकली आणि तो गप्प बसला. अशा अपघातांनंतर शंका स्पष्टपणे, गरज पडल्यास पुन्हा बोलणे हा वैमानिकांच्या प्रशिक्षणाचाच भाग झाला. मुलाखतीतही तेच जोखतात.

आमच्या बँकेत मोठ्या रकमेला दोन सह्या लागत. दुसरी सही पहिलीचा मान राखायला नव्हे, तिची चूक पकडायला असते.

हे धैर्य मुलाखतीच्या आदल्या रात्री घोकून येत नाही. आज जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचे चुकतेय," तर रागावू नका. नीट ऐकून घ्या. त्याची तयारी तिथूनच सुरू होते.