विश्लेषण : सर्वंकष सत्तेचे चार चेहरे… डिस्टोपियन कादंबऱ्या आजही सत्ताधाऱ्यांना का खुपतात?

थायलंडमध्ये २०१४ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतल्यावर निदर्शकांनी रस्त्यावर शांतपणे ‘१९८४’ वाचून निषेध नोंदवला. रशियात युक्रेन युद्धाच्या पहिल्या वर्षी हीच कादंबरी लोकप्रिय ई-पुस्तकांच्या यादीत वर होती. मात्र सगळ्याच डिस्टोपियन कादंबऱ्या एकाच प्रकारच्या राजवटीचे चित्र रेखाटत नाहीत.

सर्वंकष सत्ता म्हणजे काय?

साध्या हुकूमशहाला आज्ञापालन पुरते. नागरिक राजकारणापासून दूर राहिला, की त्याच्या खासगी आयुष्याशी सत्तेला फारसे देणेघेणे नसते. सर्वंकष सत्तेला मात्र कुटुंब, भाषा, स्मृती आणि विचार यांवरही ताबा हवा असतो. ‘टोटॅलिटेरियन’ ही संज्ञा १९२३ मध्ये इटलीत मुसोलिनीच्या टीकाकारांनी वापरली. पुढे मुसोलिनीने ती अभिमानाने मिरवली.

पहिला इशारा कोणाचा?

येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाचा. झारच्या काळात बोल्शेविक म्हणून तुरुंगात गेलेल्या झाम्यातिनने क्रांतीनंतर काही वर्षांतच ‘वुई’ लिहिली. तिच्यातील माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत. ती १९२४ मध्ये इंग्रजीत आली, सोव्हिएत रशियात मात्र १९८८ मध्ये छापली गेली.

ऑर्वेल आणि हक्स्ली यांच्यात फरक काय?

बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये (१९४९) सत्ता भीतीवर चालते. नायकाचे कामच जुनी वृत्तपत्रे बदलून लिहिण्याचे. ही अतिशयोक्ती नव्हती. स्टालिनच्या मृत्यूनंतर बेरियाला देहदंड झाला, तेव्हा सोव्हिएत विश्वकोशाच्या ग्राहकांना त्याच्यावरील नोंद कापून तिथे बेरिंग समुद्राविषयीची पाने चिकटवण्यास सांगण्यात आले.

ऑल्डस हक्स्लीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये (१९३२) दडपशाहीची गरजच उरत नाही. माणसे जन्मापूर्वीच वर्गांत वाटलेली, अस्वस्थ वाटले तर ‘सोमा’ची गोळी तयार. हक्स्लीने १९४९ मध्ये ऑर्वेलला पत्र लिहून, भविष्यातले सत्ताधीश लाठीपेक्षा हा मार्ग पसंत करतील, असे मत मांडले होते.

धर्माच्या नावाने चालणारी सत्ता?

मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये (१९८५) सत्ता धर्मग्रंथाचा आधार घेऊन स्त्रीच्या गर्भाशयावर हक्क सांगते. इतिहासात कुठेतरी घडलेले नाही असे काही लिहायचे नाही, हा अ‍ॅटवुड यांचा दंडक होता. रोमानियात १९६६ मध्ये चाउशेस्कू राजवटीने गर्भपातावर जवळपास सरसकट बंदी घातली होती. या कादंबरीतील लाल झगा आणि पांढरी टोपी पुढे अमेरिका, अर्जेंटिना आदी देशांतील महिलांच्या आंदोलनांचे प्रतीक बनली.

मग आज कोणते चित्र लागू पडते?

कोणतेही एक पूर्णपणे नाही. आजची पाळत झाम्यातिनच्या काचेच्या घरांसारखी आहे; पण बऱ्याचदा भिंती पारदर्शक करण्याची परवानगी आपण स्वतःच मोबाइलवर देतो. माहिती दडवण्याबरोबरच ती इतकी ओतली जाते, की खरे-खोटे तपासण्याचा कंटाळा यावा. शिवाय निवडणुका, न्यायालये, वृत्तपत्रे नावापुरती टिकवून त्यांतला जीव काढणाऱ्या राजवटी या कादंबऱ्यांत फारशा दिसत नाहीत. त्यामुळे ‘बिग ब्रदर’ दिसत नाही म्हणून निर्धास्त होणे जितके चुकीचे, तितकेच प्रत्येक नावडत्या सरकारी निर्णयाला ‘ऑर्वेलियन’ म्हणणेही. शब्द असा झिजला, तर खऱ्या धोक्याच्या वेळी तो उपयोगी पडणार नाही.

तरीही एक धागा समान आहे. चारही कादंबऱ्यांत सत्तेला धास्ती वाटते ती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाची. ऑर्वेलचा नायक चोरून रोजनिशी लिहितो, तर अ‍ॅटवुड यांच्या गिलियडमध्ये स्त्रियांना वाचायलाच बंदी आहे. पुस्तकांवरील बंदीची बातमी किरकोळ मानू नये, ती यासाठीच.