व्हिएतनामचा हरवलेला ध्वज

३० एप्रिल १९७५ रोजी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, उत्तर व्हिएतनामी सैन्याच्या रणगाड्यांनी सायगावच्या स्वातंत्र्य-प्रासादाचे लोखंडी फाटक मोडले आणि बुई क्वांग थान नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने छतावर जाऊन ध्वज चढविला. आमच्या पिढीतले कित्येकजण तेव्हा शाळेत होते. वर्तमानपत्रांतील कृष्णधवल छायाचित्रे कापून आम्ही वहीत चिकटविली आणि त्यांत फडकणारे कापड तांबडेच असणार, हे मनोमन गृहीत धरले. पुढे बऱ्याच वर्षांनी रंगीत चित्रे पाहावयास मिळाली तेव्हा कळले, की त्या ध्वजाचा वरचा अर्धा भाग तांबडा आणि खालचा अर्धा निळा होता. तो हॅनोईचा ध्वज नव्हताच. दक्षिण व्हिएतनाममधील राष्ट्रीय मुक्ती आघाडीचा तो ध्वज होता, आणि सुमारे चौदा महिन्यांत तो राज्याच्या सर्व इमारतींवरून कायमचा उतरला.

२०२५ साली या घटनेला ५० वर्षे पूर्ण झाली. साम्राज्यशाहीचा पराभव म्हणून तिचे स्मरण आपल्याकडेही झाले, आणि ते योग्यच होते. परंतु ज्या ध्वजाखाली तो विजय साजरा झाला त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न डाव्या चळवळीत क्वचितच विचारला गेला. तो विचारावयाचा तर व्हिएतनामच्या ध्वजांचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

राजेशाहीच्या काळात 'राष्ट्रध्वज' ही कल्पनाच तेथे नव्हती. ध्वज होता तो राजाचा आणि सैन्याचा. १८०२ साली सम्राट ग्या लाँगने न्ग्वेन घराण्याची सत्ता स्थापन केली, १८०७ मध्ये ह्यू येथील राजदुर्गासमोर भव्य ध्वजबुरूज उभारला, आणि त्यावर सम्राटाचा म्हणून पिवळा ध्वज चढू लागला. पंचतत्त्वांच्या चिनी विचारपद्धतीत पिवळा रंग मध्यभागाचा, म्हणून सिंहासनाचा. ग्या लाँगने ज्यांचा उच्छेद केला ते ताय सन बंधू मात्र लाल निशाण मिरवीत असत. १७७१ साली करांनी आणि अधिकाऱ्यांच्या जुलमाने गांजलेल्या शेतकऱ्यांना घेऊन त्यांनी बंड केले आणि १७८९ च्या नववर्षी चिनी फौजांना देशाबाहेर हाकलले. या लाल निशाणापासून आजच्या लाल ध्वजापर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह पुष्कळांना होतो. आम्हाला तो मान्य नाही. विसाव्या शतकातला लाल रंग रशियातून आला. एवढे खरे, की ज्या शेतकऱ्याला तो दाखविला गेला त्याला तो परका वाटला नाही.

फ्रेंचांनी पिवळे कापड काढून टाकले नाही. त्याच्या कोपऱ्यात आपला तिरंगा बसविला. वसाहतवादाचे इतके प्रामाणिक चित्र दुसरे सापडणार नाही. सिंहासन तसेच, सम्राट तसाच, मात्र मीठ, अफू आणि दारू यांचे मक्ते कोपऱ्यातल्या तिरंग्याच्या हाती.

तांबड्या पार्श्वभूमीवर सोनेरी पंचकोनी तारा प्रथम दिसला तो नोव्हेंबर १९४० मध्ये, दक्षिणेतील कोचीनचीन प्रांताच्या उठावात. फ्रेंचांनी विमानांतून खेड्यांवर बाँब टाकून तो उठाव चिरडला. ध्वजाचा आराखडा करण्याचे श्रेय ज्या न्ग्वेन हू तिएन यांना दिले जाते, त्यांना ऑगस्ट १९४१ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. श्रेयाबद्दल पुढे वाद झाला. तो येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे, की हा ध्वज दक्षिणेत जन्मला. १९४१ साली स्थापन झालेल्या व्हिएत मिन्ह आघाडीने तो उचलला आणि ताऱ्याच्या पाच टोकांचा अर्थ सांगितला: बुद्धिजीवी, शेतकरी, कामगार, व्यापारी आणि सैनिक.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचे लक्ष चौथ्या टोकावर खिळते. साम्यवाद्यांच्या ध्वजात व्यापारी! पण त्यात आश्चर्य नाही. आघाडी राष्ट्रीय होती आणि तिला सर्वांची गरज होती. चीनच्या १९४९ च्या ध्वजातही छोट्या ताऱ्यांपैकी दोन भांडवलदारांच्या छोट्या-मोठ्या थरांसाठी राखलेले होते. पुढे मार्च १९७८ मध्ये दक्षिणेतील खासगी व्यापार एका फटक्यात बंद करण्यात आला, हजारो दुकानांना टाळी लागली, आणि पुष्कळसे चिनी वंशाचे व्यापारी होड्यांत बसून समुद्रावर निघाले. ताऱ्याचे एक टोक छाटले गेले, कापडावर मात्र पाचही टोके तशीच राहिली. डिसेंबर १९८६ च्या सहाव्या पक्षपरिषदेने 'दोई मोई' म्हणजे नवीकरणाचे धोरण स्वीकारले तेव्हा ते टोक परत जोडण्यास आरंभ झाला. मधल्या काळात जी माणसे बुडाली त्यांचा हिशेब कोणत्याही परिषदेच्या ठरावात मांडलेला आमच्या वाचनात नाही.

१९४५ च्या वर्षात ह्यूच्या बुरुजाने जितके पाहिले तितके त्यापूर्वीच्या शतकातही पाहिले नसेल. मार्चमध्ये जपान्यांनी फ्रेंचांना बाजूस सारले आणि सम्राट बाओ दाई यांनी स्वातंत्र्य घोषित केले. त्यांच्या सरकारने पिवळ्या कापडावर तीन तांबड्या रेघांचे 'ली' हे प्राचीन चिन्ह काढले. मधली रेघ तुटलेली, अर्थ अग्नी आणि दक्षिण दिशा. हा ध्वज काही महिनेच टिकला. १७ ऑगस्टला हॅनोईच्या नाट्यगृहासमोर याच सरकारला पाठिंबा देण्यासाठी सरकारी नोकरांची सभा भरली असता, व्हिएत मिन्हच्या कार्यकर्त्यांनी सज्जावरून प्रचंड तांबडा ध्वज खाली सोडला आणि बघता बघता सभा त्यांची झाली. ३० ऑगस्टला ह्यूच्या राजद्वारावर बाओ दाई यांनी मुद्रा आणि तलवार नव्या सरकारच्या प्रतिनिधींच्या स्वाधीन केली. बुरुजावरून पिवळा ध्वज उतरला, तांबडा चढला. रक्ताचा थेंबही न सांडता घडलेला तो एक दुर्मीळ दिवस होता. ५ सप्टेंबरच्या हुकमाने हो ची मिन्ह यांनी व्हिएत मिन्हचा ध्वज हाच राष्ट्राचा ध्वज ठरविला, आणि १९४६ च्या राज्यघटनेत तो कलमबद्ध झाला.

येथे थोडे थांबले पाहिजे. आपल्या देशातही स्वातंत्र्यलढा एका ध्वजाखाली झाला आणि त्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. तीन रंग तेच राहिले तरी पक्षाचा ध्वज आणि देशाचा ध्वज यांत फरक करण्यात आला. तो फरक पुरेसा होता की नाही, याबद्दल समाजवाद्यांनी त्या काळीही तक्रारी केल्या. पण फरक करावा लागतो, ही जाणीव तरी त्यात होती. व्हिएतनाममध्ये आघाडीचा ध्वज जसाच्या तसा राष्ट्राचा झाला. १९५५ मध्ये ताऱ्याच्या फुगीर कडा सरळ केल्या, इतकाच काय तो बदल.

विरुद्ध बाजूची कथा प्रथमतः हास्यास्पद आहे. १९४६ साली फ्रेंचांनी 'कोचीनचीन प्रजासत्ताक' निर्माण करून त्याला निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पिवळा ध्वज दिला. त्या सरकारच्या प्रमुखाने त्याच वर्षी गळफास लावून घेतला. जून १९४८ मध्ये बाओ दाई यांना पुन्हा पुढे करून नवे सरकार उभारले गेले आणि पिवळ्या कापडावर तीन अखंड तांबडे पट्टे आले, उत्तर, मध्य आणि दक्षिण या तीन विभागांचे. चित्रकार ले व्हान दे यांचा तो आराखडा मानला जातो. १९५५ नंतर न्गो दिन्ह दिएम यांच्या प्रजासत्ताकानेही हाच ध्वज ठेवला. आम्ही त्याला कळसूत्री बाहुल्यांचा ध्वज म्हणत आलो. १९४८ च्या संदर्भात ते खोटे नव्हते.

दिएम यांची सत्ता खिळखिळी होण्यास प्रारंभ झाला तोही ध्वजावरूनच. मे १९६३ मध्ये ह्यू येथे त्यांचे बंधू आर्चबिशप थुक यांच्या गौरवसमारंभात व्हॅटिकनचे ध्वज मुक्तपणे फडकले. काही दिवसांनी बुद्धजयंती आली तेव्हा मात्र धार्मिक ध्वज लावण्यावर बंदी असल्याची आठवण सरकारला झाली. बंदी होती ती पंचरंगी बौद्ध ध्वजावर. १८८५ साली सिंहलद्वीपात सिद्ध झालेला हाच ध्वज आज नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि महाराष्ट्रातील असंख्य वस्त्यांत आपण पाहतो. ८ मे रोजी निषेधासाठी जमलेल्या जमावावर सैनिकांनी बळाचा वापर केला. आठ-नऊ माणसे मेली, त्यांत मुले होती. ११ जूनला भिक्षू थिक क्वांग दुक यांनी सायगावच्या चौकात स्वतःला जाळून घेतले. नोव्हेंबरात दिएम यांचा खून झाला. कोणता ध्वज लावू द्यावयाचा हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, असे ज्या राज्यकर्त्यांना वाटते त्यांनी हे सहा महिने तपशिलाने अभ्यासावेत.

१९५४ च्या जिनीव्हा कराराने देश सतराव्या अक्षांशाजवळ दुभंगला. सीमा ठरली ती बेन हाय नदी आणि तिच्यावरचा १७८ मीटर लांबीचा हिएन लुआँग पूल. करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. कॅनडा आणि पोलंड हे इतर दोन सदस्य. या आयोगाच्या डोळ्यांदेखत नदीच्या दोन्ही तीरांवर एक विलक्षण स्पर्धा सुरू झाली. उत्तर तीरावर प्रथम बारा मीटरची लाकडी काठी होती. पलीकडे त्याहून उंच काठी उभी राहिली. मग इकडची वाढली. दक्षिणेने तीस मीटरचा पोलादी खांब उभारला, उत्तरेने ३४.५ मीटरचा. दक्षिणेने आणखी थोडा चढविला. १९६२ मध्ये उत्तरेचा खांब ३८.६ मीटर झाला आणि त्यावर १३४ चौरस मीटरचा ध्वज फडकू लागला, वजन पंधरा किलो. वारा आणि पुढे बाँब त्याच्या चिंध्या करीत. गावातल्या बाया रात्र रात्र बसून तो शिवीत, आणि अडीचशेहून अधिक ध्वज त्या खांबाने खाल्ले. ज्या देशात अंगावरचे कापड शिधापत्रिकेवर मिळत होते तेथे हे चालले होते. अर्थशास्त्र याला उधळपट्टी म्हणेल. पण नदीच्या दक्षिण तीरावर ज्यांची मुले-माणसे अडकली होती, त्यांच्यासाठी दुरून दिसणारे ते कापड हेच पत्र होते, हेही नाकारता येत नाही. १९६७ मध्ये अमेरिकन बाँबफेकीत खांब कोसळला.

याच काळात, २० डिसेंबर १९६० रोजी, ताय निन्हच्या जंगलात राष्ट्रीय मुक्ती आघाडी स्थापन झाली आणि तिने आपला स्वतंत्र ध्वज घेतला, अर्धा तांबडा, अर्धा निळा, मध्ये तोच तारा. आघाडीमागे हॅनोईचा हात होता, हे आज कोणी नाकारीत नाही. तरीही तीत वकील होते, डॉक्टर होते, बौद्ध आणि कॅथलिक होते. दक्षिणेला स्वतःचा आवाज राहील, एकीकरण टप्प्याटप्प्याने व संमतीने होईल, असे वचन तिच्या कार्यक्रमात होते. जगाने सहानुभूती दिली ती या वचनाला. १९ जानेवारी १९६९ रोजी पॅरिसच्या नोत्र दामच्या शिखरावर हाच ध्वज पहाटे फडकताना दिसला आणि तो काढण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. तो कोणी लावला हे गूढ पन्नासहून अधिक वर्षे टिकले. २०२३ साली स्वित्झर्लंडच्या तिघा वृद्धांनी पुस्तक लिहून सांगितले, की ते आम्ही होतो.

विजयानंतर मे १९७५ मध्ये सायगावला संचलन झाले. आघाडीच्या हंगामी क्रांतिकारी सरकारचे न्यायमंत्री त्रुआँग न्यू तांग सलामीच्या मंचावर उभे होते. आपल्या तुकड्या येण्याची ते वाट पाहत राहिले. अखेरीस आले ते थोडे सैनिक, तेही हॅनोईच्या ध्वजाखाली. शेजारी उभ्या असलेल्या सेनापती व्हान तिएन दुंग यांना त्यांनी विचारले, आमची दळे कोठे आहेत? उत्तर मिळाले, की सैन्य आधीच एक झाले आहे. असे त्यांनी १९८५ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. २ जुलै १९७६ रोजी देशाचे औपचारिक एकीकरण झाले. दोन रंगांचा ध्वज संग्रहालयात गेला. १९७८ मध्ये तांगही होडीतून निघून गेले.

या हकिगतीला कृतघ्न पळपुट्याची कैफियत म्हणून बाजूस सारण्याची आपल्या मित्रपक्षांची प्रथा होती. आम्हीही तेव्हा मौन पाळले, कारण अमेरिकेच्या हाती कोलीत मिळेल अशी भीती होती. ती भीती समजण्यासारखी असली तरी मौन चुकीचे होते. आघाडी ही लोकांशी केलेला करार असते. सत्ता हाती येताच तो मोडला तर त्याला विश्वासघातच म्हटले पाहिजे, मोडणारा कोणत्याही रंगाचा असो.

तीन पट्ट्यांचा पिवळा ध्वज मात्र संग्रहालयात गेला नाही. तो समुद्र ओलांडून गेला. कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टर शहरात १९९९ साली एका दुकानदाराने हॅनोईचा ध्वज आणि हो ची मिन्ह यांचे चित्र लावले, तेव्हा हजारो निर्वासितांनी पन्नासहून अधिक दिवस निदर्शने केली. २००३ मध्ये त्याच शहराने पिवळ्या ध्वजाला निर्वासित समाजाचा वारसा म्हणून मान्यता दिली. ज्यांनी पुनर्शिक्षण छावण्या भोगल्या त्यांचा क्षोभ आम्ही समजू शकतो. परंतु एका दुकानदाराला स्वतःच्या भिंतीवर काय लावावे हे ठरवू न देणारा समाज दिएम यांच्याकडून काही शिकलेला दिसत नाही. आणि ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनावर चालून गेलेल्या झुंडीत तोच पिवळा ध्वज दिसावा, ही त्या ध्वजाची शोकांतिकाच होय. मायदेशात तो जाहीरपणे लावण्याची आजही सोय नाही. त्याखाली मेलेल्या सैनिकांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. ते बहुतेक शेतकऱ्यांचेच मुलगे होते, सक्तीने भरती केलेले. सायगावजवळच्या बिएन होआ येथील त्यांचे दफनस्थान तीस वर्षे लष्कराच्या ताब्यात, जवळजवळ बंद होते. २००६ साली ते नागरी प्रशासनाकडे देण्यात आले आणि नातेवाइकांना कबरींवर उदबत्ती लावता येऊ लागली. हा निर्णय योग्य होता, उशिराचा असला तरी.

हिएन लुआँगचा जुना पूल आता दुरुस्त करून पूर्वीसारखाच दोन रंगांत रंगविला आहे, अर्धा निळा, अर्धा पिवळा. खांबही पुन्हा उभा आहे, उत्तर तीरावर, आणि त्याच्यावर तांबडा ध्वज असतो. अर्ध्या निळ्या ध्वजासाठी दक्षिण तीरावर कोणी खांब उभारलेला नाही.