यंत्राला न दिसणारी बोटे

संगणकाच्या धंद्यातील बड्या मंडळींना आपण देश घडवीत आहोत असे मनापासून वाटते. वाटू द्यावे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या माणसांसाठी ही यंत्रे बनतात, त्यांच्या रांगेत ही मंडळी शेवटची कधी उभी राहिली?

ही माणसे काही आभाळातून पडलेली नाहीत. 1981 साली पुण्यात सात जणांनी उसन्या 10 हजार रुपयांवर इन्फोसिस सुरू केली. त्यांच्यापैकी नंदन निलेकणी 2009 ते 2014 या काळात आधार प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. 2014 मध्ये ते बंगळूर दक्षिणमधून लोकसभेला उभे राहिले व हरले. तेव्हा पती-पत्नींनी मिळून जाहीर केलेली मालमत्ता 7,700 कोटींच्या घरात होती. पैसा मिळवला याबद्दल आमची तक्रार नाही. पण एवढ्या उंचीवरून रेशनची रांग दिसत नाही, हे खरे आहे.

आधारची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते. गरिबाला ओळख मिळेल, मधला दलाल हटेल, असे सांगितले गेले. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण ओळख पटवायला बोट निवडले, आणि कष्टकऱ्याचे बोट म्हणजे साहेबाचे बोट नव्हे!

आमच्या उत्तनला येऊन पाहा. बर्फात हात घालून मासळी निवडणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या, बोंबील वाळत घालणाऱ्या बायांची बोटे पाहा. विटा-सिमेंट वाहणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींची बोटे पाहा. मिठाने, सिमेंटने, साबणाने रेषा झिजलेल्या असतात. दुकानातले मशीन एकदा नाही म्हणते, दोनदा नाही म्हणते. मग दुकानदार म्हणतो, "मावशी, उद्या या." उद्या येणे म्हणजे आणखी एका दिवसाची मजुरी बुडणे.

मार्च 2018 मध्ये आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, सरकारी सेवांत ओळख पटण्याचे प्रमाण 88 टक्के आहे. म्हणजे 100 वेळा प्रयत्न केला तर 12 वेळा फसतो. पुन्हा बोट लावल्यावर कधी जमतेही. परीक्षेत 88 टक्के मिळाले तर आपण पेढे वाटू. पण रिकाम्या पिशवीने परत जाणाऱ्या बाईला 88 चा काय उपयोग? तिच्या घरी त्या दिवशी शंभर टक्के उपास असतो.

हीच दृष्टी कामाच्या तासांबाबतही दिसते. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचेच नारायण मूर्ती म्हणाले की, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे 1946 साली कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. बाबासाहेबांनी परळच्या चाळीत दिवस काढले होते. गिरणीतून परतलेला माणूस कसा दिसतो हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. फरक आहे तो इथे.

यंत्राला आमचा विरोध नाही. आपली मुले संगणक शिकलीच पाहिजेत, आणि शिकून मोठी झाल्यावर त्यांनी आईची बोटे विसरता कामा नये. पण यंत्र चुकले तर त्याची शिक्षा यंत्र बनवणाऱ्याला व्हावी, बोटाला नव्हे.

तोपर्यंत वाचकांनी एक ध्यानात ठेवावे. केंद्राच्या अन्न विभागाचा ऑक्टोबर 2017 चा आदेश आहे की, ठसा जुळला नाही म्हणून रेशन नाकारता येत नाही. आधार आणि रेशनकार्ड दाखवल्यावर वहीत नोंद करून धान्य द्यायचे आहे. दुकानदार नाही म्हणाला तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. तारीख घालून लेखी तक्रार शिधावाटप कार्यालयात द्या आणि पोच घ्या. शेजारीण एकटी असेल तर तिच्यासोबत जा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला अर्ज लिहायला बसवा.